गळतं इथं, भोक तिथं

रोहिण्या लागल्या की घर शाकारायची आठवण सगळ्यांना होते. फुटकी कौलं बदलायची, गोठ्याच्या पत्र्याचे सैल झालेले स्क्रू आवळायचे, वैरणीवर ताडपत्री ओढायची, ही कामं कुणाला सांगावी लागत नाहीत. दारात उभ्या असलेल्या गाडीच्या टपाकडे मात्र कुणी मान वर करून बघत नाही. गाडी पडली लोखंडाची, ती कशाला गळेल, असा आपला हिशेब. पण दहा-पंधरा उन्हाळे खाल्लेली गाडी गळते, आणि घरापेक्षा वाईट गळते. घरात थेंब पडला तर त्याच्याखाली पातेलं ठेवता येतं. गाडीत पातेलं कुठं ठेवणार?

आमचं गाव आजरा तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. इथला पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस सूर्य दाखवत नाही. आमची गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन, उसाच्या बिलातून घेतलेली, तीही दुसऱ्याची वापरलेली. तिनं आजवर भाताची पोती वाहिली, खत वाहिलं, लग्नाची वऱ्हाडं वाहिली, एकदा अडलेली शेळीसुद्धा गुरांच्या डॉक्टरकडे पोचवली. तिच्याबद्दल आमची कधी तक्रार नव्हती.

२०२३ साली मृग कोरडाच गेला. जून सरताना पाऊस लागला आणि जुलैत त्यानं सगळी उधारी फेडली. त्याच मे महिन्यात माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं, डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा जायचं, एका खेपेला चार तास. हाताच्या शिरा जोडून जो फिस्टुला करतात, तो जूनमध्ये करून झाला होता. पण तो वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने तरी जातात. तोवर गळ्याशी बसवलेल्या नळीवरच काम चालतं. तिथल्या सिस्टरनी आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती : नळीवरची पट्टी कोरडी राहिली पाहिजे. ती नळी थेट मोठ्या रक्तवाहिनीत जाते. पट्टी भिजली आणि तिथून जंतू शिरले, तर ते सरळ रक्तातच. त्यामुळं आप्पांची आंघोळसुद्धा बंद, नुसतं अंग पुसून घ्यायचं. आणि अशा माणसाला आम्ही ज्या गाडीतून नेत होतो, तिच्या टपातून पाणी ठिबकत होतं, तेही नेमकं त्यांच्या खांद्यावर.

आप्पांचा स्वभाव विनोदी. पहिल्या दिवशी थेंब पडला तेव्हा म्हणाले, “सूनबाई, गाडीत बी आता इरलं घिऊन बसू काय?” आम्ही हसलो. पण दुसऱ्या खेपेला घाटाच्या वळणावर ह्यांनी ब्रेक मारला, आणि टपाच्या अस्तरातून बचकभर पाणी एकदम आप्पांच्या गळ्याकडे आलं, तेव्हा कुणी हसलं नाही. सिस्टरनी पट्टी बदलली, माझ्याकडे एकदा बघितलं, बोलल्या काही नाहीत. त्या दिवसापासून आप्पा गाडीत खताच्या पोत्याची खोळ घेऊन बसायला लागले.

आमच्या ह्यांनी गाडी गॅरेजला दाखवली. गॅरेजवाल्यानं हात न लावता निदान केलं, “समोरच्या काचेचं बिडिंग गेलंय.” नवं बिडिंग बसलं. पुढच्या खेपेला थेंब हजर. मग त्यानं काचेच्या कडेनं आणि टपाच्या पन्हळीत दिसेल तिथं पांढरं सिलिकॉन माखलं. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी पुढच्या सीटखाली चूळभर पाणी साचलेलं. मग ह्यांनी हाय खाल्ली. “टप कुजलाय, देऊन टाकू भंगारात,” म्हणाले. भंगारवाल्यानं सांगितलेला भाव ऐकून मला शेळीची आठवण झाली; तिचे पैसे जास्त आले असते. आणि देऊन टाकली तर आठवड्याला दोन खेपा भाड्याच्या गाडीनं करायच्या कशा? नवी घ्यायची तर पुन्हा कर्ज.

माझे वडील गावात घरं शाकारायला जायचे. लहानपणी त्यांच्या हाताखाली कौलं देताना मी एक गोष्ट शिकले. थेंब जिथं पडतो तिथलं कौल ते कधीच काढत नसत. पाणी वर कुठंतरी शिरतं, वाशाच्या पोटाला धरून उताराला लागतं, आणि वाशाला गाठ किंवा खिळा भेटला की तिथं टपकतं. म्हणून थेंबाखाली उभं राहून वाशाच्या चढाकडे बघत जायचं. गाडीचा टप तरी वेगळा काय असणार, असं माझ्या मनात आलं, आणि मी थेंबाचं वागणं बघायला लागले.

चार गोष्टी लक्षात आल्या. पाऊस सुरू झाल्या झाल्या गाडी गळत नव्हती. अर्धा-पाऊण तास गेला की मग सुरुवात व्हायची. म्हणजे कुठंतरी पाणी आधी साचत होतं. दुसरं, ओल नेहमी डाव्या अंगालाच, उजवी बाजू खडखडीत. तिसरं, आमच्या अंगणात गाडी उताराला तोंड करून उभी असते, तेव्हा पुढची सीट भिजायची. इस्पितळाच्या आवारात तोंड चढाकडे, तिथं चार तास उभी राहिली की मागची सीट भिजलेली. आणि चौथं ते ब्रेकचं. ब्रेकसरशी पाणी पुढं येतं, म्हणजे ते अस्तराच्या वर आधीच जमून बसलेलं आहे. मी ह्यांना म्हटलं, “अहो, काच पुढं आहे. काचेतून शिरलेलं पाणी मागच्या सीटवर जाईल कशाला? भोक मधे कुठंतरी आहे.” ह्यांनी मान हलवली, पण गाडी भंगारात द्यायचं बोलणं त्या दिवसापुरतं तरी थांबलं.

आता थोडं टपाच्या बांधणीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा हे एकसंध नसतात. दोन्हींच्या कडा एकमेकींवर ठेवून थोड्याथोड्या अंतरावर वेल्डिंगचे ठिपके मारलेले असतात. ठिपक्यांच्या मधली फट तशीच राहते, ती रबरासारखा मसाला भरून बुजवतात. त्याला सीलंट म्हणतात. जुन्या गाड्यांत हाच सांधा टपाच्या कडेच्या उघड्या पन्हळीत असतो. २०१४ साली बंद झालेली अॅम्बेसेडर किंवा २०१९ साली बंद झालेली ओम्नी आठवा. दोन्हींना दारावर अशी पन्हळ होती. उन्हानं सीलंट वाळतं, कडक होतं, आणि खड्ड्यातून गाडी पिळवटली की त्याला भेग पडते. भेग केसाएवढी असली तरी पुरते. पन्हळीत पालापाचोळा तुंबून पाणी उभं राहिलं, की ते फटीतून आत ओढलं जातं, दिव्यातलं तेल वातीतून चढतं तसं.

शोधायची रीत अशी. आधी गाडी आतून पूर्ण कोरडी पाहिजे, नाहीतर कालचं पाणी आणि आजचं पाणी यात फरक कळत नाही. २०२३ च्या ऑगस्टात पावसानं साऱ्या राज्यात ओढ दिली. भात उभं वाळायला लागलं, ह्यांचा जीव वर-खाली होत होता. पण गाडीला मात्र पाहिजे होतं तेवढं ऊन मिळालं. दोन दिवस दारं उघडी टाकून ती वाळवली. दाराच्या चौकटीवरचं रबर ओढून काढलं, अस्तराची डावी कड सोडवली आणि खाली लोंबती ठेवली. आत टपाच्या सांध्यावर खडूनं जाड पांढरी रेघ ओढली, पुढून मागपर्यंत. खडू ओला झाला की लगेच काळपट दिसतो. आमची धाकटी आठवीत आहे. तिला बॅटरी देऊन आत बसवलं.

पाणी मोटारीच्या नळीनं मारायचं नाही. जोरानं मारलेलं पाणी पाऊस जिथं कधी शिरत नाही तिथंही शिरतं आणि उगाच भलतीकडे बोट दाखवतं. आम्ही भाजीच्या वाफ्याची झारी घेतली. आणि सुरुवात नेहमी खालून करायची. वरून ओतलं तर पाणी वाटेतल्या सगळ्या जागा भिजवत खाली येतं, मग कुठली जागा गळली ते कसं कळणार? आधी काचेची खालची कड, दहा मिनिटं. आतून धाकटी ओरडली, “कोरडं!” मग काचेच्या बाजू. “कोरडं!” मग काचेची वरची कड. तीही कोरडी. गॅरेजमध्ये दोनदा मोजलेले पैसे ह्यांच्या डोळ्यासमोर आले असणार, पण ते गप्प राहिले.

मग पन्हळ. नुसतं ओतलेलं पाणी पन्हळीतून वाहून जात होतं, कुठं थांबत नव्हतं, म्हणून काही कळेना. तेव्हा आप्पा ओट्यावरून म्हणाले, “अगं, बांध घाला की! रोपाच्या खाचराला घालतोय तसं.” ही युक्ती मी कुणाकडूनच ऐकली नव्हती. आम्ही चिकणमाती मळून पन्हळीत वीत-वीत अंतरावर छोटे बांध घातले आणि एकेक खाचर पाण्यानं भरत गेलो. पहिलं भरलं, पाणी जागच्या जागी. दुसरं भरलं, तेही तसंच. तिसऱ्या खाचरातलं पाणी मात्र बघता बघता उतरलं, फुटक्या बांधाच्या वावरासारखं. आणि आतून धाकटीची किंकाळी आली, “आई, रेघ काळी झाली! पळतंय पुढं!” ती जागा होती मधल्या खांबाच्या वर, पुढच्या आणि मागच्या दाराच्या बरोबर मधे. आप्पांच्या खांद्यापासून चांगली दोन हात मागं.

त्याच जागी टपावरच्या कॅरिअरचा पाय बसवलेला होता. कॅरिअर पन्हळीला शिकंज्यासारखं आवळतात. त्यावर पोती चढली, गाडी खड्ड्यात आपटली, की तो पाय पन्हळीत रुततो. तो काढून बघितला, तर खाली चार बोटं लांब भेग आणि तिच्या कडेनं तांबूस गंज. वरून गॅरेजवाल्याचं सिलिकॉन होतं, पण ते कॅरिअरच्या पायाभोवती फिरवलेलं. पायाखाली पोचलेलंच नव्हतं.

बुजवायच्या कामात घाई करून चालत नाही. आधी जुनं सगळं काढायचं. विशेषतः सिलिकॉनचा कणही राहू द्यायचा नाही, कारण त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही, रंगसुद्धा बसत नाही. शिवाय ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते वाळताना आम्ल सोडतं आणि उघड्या लोखंडाला गंज लावतं; खिडकीच्या काचेला ते चालेल, गाडीच्या पत्र्याला नाही. आम्ही बोथट स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं, तारेच्या ब्रशनं गंज काढला, पॉलिशपेपर मारला आणि थिनरच्या फडक्यानं पुसून घेतलं. गंज खालपर्यंत गेलाय का ते टोच्यानं टोचून पाहिलं. पत्रा शाबूत होता. आरपार गेला असता तर नुसत्या सीलंटनं भागलं नसतं, बॉडीवाल्याकडून तुकडा जोडून घ्यावा लागला असता.

मग रेड ऑक्साईडचा हात दिला आणि दिवसभर वाळू दिला. दुसऱ्या दिवशी गाडीच्या रंगाच्या दुकानातून आणलेलं पी.यू. सीलंट भरलं. हे नळीत येतं, बंदुकीसारख्या दाबणीनं सोडतात. हातमोजे घालावेत, कातडीला लागलं तर लवकर सुटत नाही. फटीत सोडून चपट्या काडीनं दाबून घ्यायचं, म्हणजे ते आत शिरतं. नुसती वर माळ घालून उपयोग नाही. गंमत अशी, की हे हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतं, दिवसाला साधारण तीन मिलिमीटर. पत्रा मात्र कोरडा ठणठणीत पाहिजे. वाळलं तरी रबरासारखं लवचीक राहतं, तोच त्याचा गुण. पुष्कळ जण दोन वड्या मळून लावायचा तो कडक मसाला भरतात. टाकीला, पाइपाला तो उत्तम. पण टपाचा पत्रा उन्हानं फुगतो, रात्री आकसतो, आणि कडक मसाला पुन्हा तडकतो. डांबराचं तर नावच नको, मे महिन्यात ते दारावर ओघळतं. भर पावसात गळती लागली आणि उघडीप मिळत नसली, तर पत्र्याच्या शेडला लावतात ती रुंद चिकटपट्टी पन्हळ पुसून तात्पुरती मारावी. पण ऊन पडताच ती काढून नीट काम करून घ्यावं. पट्टीच्या आत गंज चालूच असतो.

तीन दिवसांनी वरून रंगाचा हात दिला आणि पुन्हा मातीचे बांध घालून पाणी भरलं. तासभर धाकटी आत बसली, शेवटी कंटाळून अभ्यासाचं पुस्तक मागितलं. खडूची रेघ पांढरीच.

पण गळती बुजली म्हणजे काम झालं असं नाही. पाणी महिनाभर आत मुरलेलं होतं. पायाखालची रबरी मॅट उचलली, तर तिच्याखाली जाड नमद्यासारखा थर असतो, तो पिळला तर अर्धी बादली पाणी निघालं. वरून हात लावला तर ओलं काहीच लागत नव्हतं. त्याखालच्या तळाच्या पत्र्यावर, आप्पांच्या सीटच्या बोल्टाभोवती, गंजाचे पापुद्रे सुटायला लागले होते. आणखी एक पावसाळा गेला असता तर ती सीट कशावर उभी राहिली असती, देव जाणे. तो थर काढून वाशावर वाळत घातला, पत्रा घासून रंगवला. डॅशबोर्डाखालच्या फ्यूजच्या डब्यातही ओल पोचली होती, तांब्याच्या टोकांवर हिरवं चढलं होतं. ते वायरमनकडून साफ करून घेतलं. रात्री घाटात दिवे गेले असते, ही भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. कुबट वास जायला मात्र पंधरा दिवस लागले.

एक इशारा देऊन ठेवते, कारण ह्यांनी हातात सीलंट आल्यावर उत्साहानं दिसेल ते भोक बुजवायला घेतलं होतं. गाडीला काही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. पन्हळीची दोन्ही टोकं, दाराच्या तळाची बारीक छिद्रं, वायपरच्या खालच्या जाळीतून पाणी जायची वाट, ही सगळी उघडी पाहिजेत. दार हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला, तर समजावं की तळाची छिद्रं चिखलानं बुजली आहेत. तार घालून मोकळी करावीत. आंब्या-फणसाखाली गाडी लावणाऱ्यांनी तर जाळीतला पाला महिन्या-दोन महिन्यांनी काढायलाच हवा.

नव्या गाड्यांना अशी उघडी पन्हळ दिसत नाही. टपावर दोन काळ्या पट्ट्या असतात, सांधा त्यांच्याखाली लपलेला असतो. तिथंही तपासायची रीत हीच. ज्यांच्या मुलांनी टपाला उघडणारी काच असलेली गाडी घेतली आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावं. ती काच पाणी पूर्ण अडवते असं नाही. तिच्याभोवती एक पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. नळी धुळीनं तुंबली की पाणी गाडीत. काच उघडून कोपऱ्यात कपभर पाणी हळू ओतावं आणि गाडीखाली ते बाहेर येतं का बघावं. हवेच्या पंपानं जोरात फुंकू नये, नळी सांध्यातून निसटते आणि मग दुखणं वाढतं.

ऑगस्टच्या शेवटी आप्पांचा फिस्टुला चालू झाला आणि गळ्याची नळी निघाली. त्या साऱ्या दिवसांत नळीच्या जागी जंतू झाले नाहीत. सप्टेंबरात पाऊस परतला तेव्हा आप्पा सवयीनं खोळ घेऊन गाडीत चढले, आणि घाट उतरेपर्यंत टपाकडे बघत बसले होते. कॅरिअर आम्ही पुन्हा बसवलं, पण पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घालून, आणि त्यावर आता पोती चढत नाहीत, फार तर वैरणीच्या पेंढ्या.

सीलंटच्या नळीचं तेवढं सांगायचं राहिलं. ती एकदा उघडली की उरलेला माल आतल्या आत घट्ट होतो, टोपण लावून ठेवलं तरी फार दिवस टिकत नाही. आमच्या कामाला जेमतेम चौथाई नळी लागली. म्हणून त्याच दुपारी शेजारच्या पिकअपच्या केबिनचा सांधा आणि डेअरीचे कॅन नेणाऱ्या टेम्पोच्या मागच्या दाराची कड, दोन्ही उरकून घेतलं. तुमच्या वाडीत दोन-तीन जुन्या गाड्या असतील तर एकच नळी सगळ्यांत मिळून आणावी, आणि ती उघडायच्या आधी सगळ्या गाड्यांची भेग शोधून, घासून, वाळवून तयार ठेवावी.